अंथरूण उचलायचे कोणी?

अंथरुणाचा इतिहास बहुतेक वेळा आडव्या पडलेल्या माणसाच्या बाजूने सांगितला जातो. गादी किती मऊ होती, पांघरूण किती उबदार होते, उशीत सावरीचा कापूस होता की पिसे, पलंगाचे खूर शिसवी होते की सागवानी. वाड्यांचे नि राजवाड्यांचे वर्णन करायचे असेल तर हे प्रश्न पुरतात, कारण तिथे बिछाना घालायला आणि काढायला माणसे ठेवलेली असत. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांत मात्र अंथरूण ही रात्री घालायची आणि सकाळी काढायची वस्तू होती. सात-आठ तास तिच्यावर झोपायचे आणि उरलेला दिवस तिला कुठेतरी ठेवायचे; मधूनमधून ती उन्हात टाकायची, धुवायची, उसवली तर शिवायची. या कामांचा हिशेब मांडला की आपल्याकडच्या अंथरुणाच्या धंद्याचा इतिहास वेगळा दिसू लागतो. माझे म्हणणे असे की, या धंद्यात ज्यांनी खरोखर जम बसवला त्यांनी झोपणाऱ्याच्या सुखाआधी अंथरूण उचलणाऱ्याचे काम हलके केले. ज्यांनी उचलणाऱ्याचा विचार सोडला, त्यांनी सोयीबरोबर एक नवी अडचणही घरात आणली.

मुंबईच्या विकास खात्याने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. एवढ्यात चूल, मोरी, देव, ट्रंका, मुलेबाळे आणि गावाहून आलेला एखादा दीर किंवा भाचा. दिवसा अंथरुणाला तिथे जागा असणे शक्यच नव्हते. गिरणीकामगारांच्या गाळ्यांत तर पाळीनुसार माणसे झोपत. रात्रपाळीचा गडी परत येई तेव्हा दिवसपाळीच्याने आपले बिऱ्हाड भिंतीला लावलेले असे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेल्या माणसाची मुंबईतली इस्टेट म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. ही वळकटी बारकाईने पाहावी अशी वस्तू आहे. बाहेर सतरंजी, आत गोधडी, तिच्यात चादर, मध्ये उशी, वरून सुतळी किंवा जुना पट्टा. खांद्यावर टाकून एस्टीत किंवा रेल्वेत नेता येईल, खुंटीवर किंवा माळ्यावर चढवता येईल आणि अंधारात कोणाच्या अंगावर पाय न देता उलगडता येईल इतपतच ती जाड. कोणा कारागिराने तिचा नकाशा काढला नव्हता. जागा आणि प्रवास या दोन सक्तींनी तिला आकार दिला, आणि पुढे जो कोणी या लोकांना अंथरूण विकायला येणार होता त्याला या मापात बसणे भाग होते.

बाजारातले अंथरूण येण्याआधी घोंगडी होती आणि गोधडी होती. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी सणगर लोक खड्ड्याच्या मागावर विणत आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ करत. ती टोचते, हे कोणीही नाकारणार नाही. तरीही शेतकरी, धनगर, वारकरी असे सगळे तिच्यावर विसंबले, कारण ती अंथरता येई, पांघरता येई, पावसात खोळ करून डोक्यावरून घेता येई आणि बाजार उठला की तिच्यातच धान्य बांधून आणता येई. धुण्याचा प्रश्नही ती फारसा येऊ देत नसे. झटकली आणि उन्हात टाकली की झाले. गोधडीची गोष्ट निराळी. जुनी लुगडी, धोतरे, फाटके सदरे एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी पैशाच्या हिशेबात फुकट असते, वेळेच्या हिशेबात फार महाग. दुपारच्या फुरसतीत ती अनेक आठवडे चाले. आजकाल गोधडीवर लिहिताना मायेची ऊब वगैरे शब्द आपोआप येतात. ते लिहिणाऱ्यांनी ओली गोधडी पिळण्याच्या कामाचाही उल्लेख करायला हरकत नसावी. नवरात्राआधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर किंवा तळ्यावर नेऊन धुण्याची रीत अजूनही गावोगाव आहे. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही, दोघी दोन टोकांना धरून पिळतात, आणि भाद्रपदातल्या उन्हाचा भरवसा नसल्याने ती वाळायला दोन-दोन दिवस घेते. ही रीत धार्मिक शुद्धतेची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण इतके जड अंथरूण रोज किंवा दर आठवड्याला धुता येत नाही, म्हणून वर्षातला एक काळ त्याला नेमून द्यावा लागला, हा त्यामागचा साधा व्यवहारही दिसतो.

घराबाहेरचा पहिला माणूस जो या कष्टांत वाटेकरी झाला तो पिंजारी. नदाफ, मन्सुरी अशा नावांनी ओळखला जाणारा हा मुसलमान कारागीर समाज मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांमध्येही नोंदलेला आहे. मन्सुरी हे नाव सूफी मन्सूर अल-हल्लाजशी जोडले जाते, आणि त्याच्याही नावातला हल्लाज म्हणजे कापूस पिंजणाराच. कापसाच्या गादीचा दोष असा की ती वापराने दबते, आतला कापूस गोळे होऊन एका कडेला सरकतो, आणि वर्षा-दोन वर्षांत झोपणाऱ्याच्या पाठीला जमीन लागू लागते. पिंजारी पाठीवर पिंजण घेऊन दारोदार फिरे. गादी अंगणात उसवून, कापूस तातीवर धुनकून, पुन्हा खोळीत भरून, वरून टाके घालून दुपारपर्यंत नवी करून देई. नव्या मालापेक्षा त्याचा धंदा जुन्याच्या दुरुस्तीवर चाले, आणि ती दुरुस्ती गिऱ्हाइकाच्या दारात होई. आठ-दहा किलोची गादी घेऊन दुकानात जाण्याची पाळी घरातल्या कोणावर येत नसे. आजच्या भाषेत याला घरपोच सेवा म्हणतील. त्या सेवेची किंमत मात्र पिंजाऱ्याच्या फुप्फुसांनी मोजली. कापसाच्या बारीक धुळीत जन्म काढणाऱ्यांना श्वासाचे विकार जडतात, हे गिरणीकामगारांच्या बाबतीत पुढे वैद्यकशास्त्राने नाव देऊन मान्य केले. उचल हलकी करणे याचा अर्थ कष्ट नाहीसे करणे असा कधीच नव्हता. घरातल्या बाईचे काम दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जाई. हे पुढेही दिसेल.

खरा पालट सोलापुरात झाला. रेल्वे तिथे १८६० मध्ये पोचली, पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये उभी राहिली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामाच्या तेलंगणातून पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने येऊन तिथल्या पेठांत स्थिरावले. गिरणीने हातमाग मारला, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते. डग्लस हेन्स यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे की पश्चिम भारतातल्या लहान शहरांत ती इतकी सरळ घडली नाही. विणकरांमधूनच काही जण कारखानदार झाले, इतरांना मागावर बसवू लागले, नवे यंत्र घेऊ लागले, बाजार बदलला की माल बदलू लागले. सोलापूर हे त्याचे ठळक उदाहरण. आधी लुगडी विणणाऱ्या या शहराने विसाव्या शतकाच्या मध्यानंतर जकार्डवरची चादर हे आपले नाव केले. पुलगम, चाटला ही तेलुगू आडनावे मराठी घरांत चादरीमुळे पोचली.

ही चादर का चालली, याचे नेहमीचे उत्तर म्हणजे टिकाऊपणा आणि नक्षी. दोन्ही खरे आहे, तरी अपुरे. तिची घडण उचलणाऱ्याच्या नजरेने पाहावी. दुहेरी विणीमुळे ती दोन्ही बाजूंनी वापरता येते. एका बाजूचे रंग दुसऱ्या बाजूला उलटे दिसतात, म्हणजे उलटी-सुलटी पाहण्याची कटकट नाही. गडद रंग आणि दाट नक्षी यांत मळ लपतो. अंथरायला ती पुरेशी जाड आणि पांघरायला पुरेशी हलकी आहे, त्यामुळे एकीनेच दोन कामे भागतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती एकटी बाई धुऊ शकते, पिळू शकते, चाळीच्या गॅलरीतल्या दोरीवर टाकू शकते, आणि ऊन चांगले असेल तर रात्री झोपायच्या आत ती वाळलेली असते. गोधडीसाठी जे नदीकाठचे दोन दिवस लागत ते एका सकाळीवर आले. कापड विकत घेतले की शिवणही संपले. टोकांना विणलेल्या दशा, ना टाके ना अस्तर. लग्नात, बदलीत, मुलगा शिकायला परगावी निघाला की सोलापुरी चादर द्यायची पद्धत पडली ती या सगळ्यामुळे. धुण्याजोगे पांघरूण ही किती निर्णायक गोष्ट आहे ते रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात अजूनही दिसते. तिथली पांढरी चादर दर फेरीला धुता येते, लोकरी ब्लँकेट मात्र धुण्यात मागे पडते, आणि २०१७ मध्ये महालेखापरीक्षकांना त्यावर ताशेरे ओढावे लागले.

यावर एक आक्षेप लगेच येईल. लोकांनी स्वस्त म्हणून चादर घेतली, बाकी सगळे मागाहून लावलेले पांडित्य. हा आक्षेप किमतीच्या बाजूने तपासून पाहता येतो. गोधडी तर फुकट होती. किंमत हेच एकमेव कारण असते तर जुने लुगडे टाकून नवी चादर आणायचे काही कारण नव्हते. ज्या घरांत पैसा तुटपुंजा होता त्यांनीही हळूहळू रोख मोजून चादर आणली. याचा अर्थ त्यांनी पैसे देऊन वेळ विकत घेतला. शहरात आलेल्या कुटुंबात बाईही खाणावळ चालवी, विड्या वळी, घरकामाला जाई. तिच्या दुपारीला किंमत आली होती. तीच दुपार गोधडीला लागत होती. म्हणून चादर स्वस्त ठरली असे म्हणायचे असेल तर त्या स्वस्ताईत बाईच्या वेळेची किंमत धरावी लागते, आणि मग आक्षेप माझ्याच मुद्द्याला येऊन मिळतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: मग श्रेय कारखानदाराला का? विणले कामगारांनी, आणि त्या कामगाराच्या घरात काय चालले होते? सोलापुरात मागावरच्या पुरुषाची मजुरी घर चालवायला पुरत नसे, म्हणून पद्मशाली घरांतल्या बाया मोठ्या संख्येने विड्या वळत आल्या आहेत. मुंबई-पुण्याच्या एका गृहिणीचा नदीवरचा फेरा वाचला, त्याच साखळीच्या दुसऱ्या टोकाला सोलापुरातली गृहिणी पानाच्या सुपावर वाकून बसली होती. त्यांच्या घरांचा प्रश्न इतका बिकट होता की नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांनी लढून दहा हजार घरांची गोदावरी परुळेकर वसाहत उभी केली, आणि ती घरे २००६ मध्ये ताब्यात आली. हा हिशेब मी नाकारत नाही. उद्योजकाचे काम मी एवढेच मानतो की त्याने घरातली न मोजलेली मेहनत बाजारात आणून तिला भाव लावला. तो भाव रास्त होता असे नाही. त्याच भावाने पुढे सोलापूरचा घात केला. पानिपतच्या यंत्रमागांवर हुबेहूब नक्षीचा हलका माल निघू लागला आणि सोलापुरी म्हणूनच विकला जाऊ लागला. २००५ च्या सुमारास सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, महाराष्ट्रातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ती एक. पण फेरीवाल्याच्या खांद्यावरची चादर कुठल्या मागावरची आहे हे विचारायला कायदा येत नाही.

आता सर्वांत कठीण आक्षेप. उचलता येणारे, गुंडाळता येणारे, जमिनीवरचे अंथरूण हे ज्याचे गुडघे धड आहेत त्याच्यासाठीच सोयीचे असते. ज्याला संधिवात आहे, ज्याला अर्धांगवायूचा झटका आला आहे, जी नुकती बाळंत झाली आहे, त्यांना जमीन खोल वाटते. मग वळकटीचे गुणगान कोणासाठी? याचे उत्तर जुन्या घरांनी स्वतःच दिलेले आहे, आणि ते बाज या वस्तूत आहे. एरवी सगळे घर जमिनीवर झोपत असले तरी बाळंतिणीसाठी बाज लागायचीच. उंचीमुळे तिला उठता-बसता येई, विणीतून हवा खेळे, आणि शेक द्यायचा तर खाली शेगडी ठेवता येई. सुंभाची वीण सैल पडली की पायथ्याच्या दोऱ्या ओढून पुन्हा ताठ करता येई. नवारीची पट्टी आल्यावर ती सोडून धुताही येऊ लागली. महिना-सव्वा महिना झाला की बाज उभी करून भिंतीला लावायची किंवा शेजारच्या घरी द्यायची. आजाऱ्यासाठीही हीच. सोबत मेणकापड, जुन्या लुगड्यांची दुपटी, रोज बदलता येतील असे मऊ तुकडे. म्हणजे घरात दोन तऱ्हांची अंथरुणे होती: धडधाकटांसाठी जमिनीवरची आणि अडलेल्यांसाठी उंचावरची. दुसऱ्या तऱ्हेची वस्तू रचताना शुश्रूषा करणाऱ्या बाईचाच विचार आधी केलेला दिसतो. रोग्याची कूस बदलायची, खालचे ओले काढायचे, तर वाकून वाकून तिची कंबर मोडू नये, इतकी उंची बाजेला असे.

परदेशात हा प्रश्न डॉक्टरांनी हाताळला. स्कॉटिश वैद्य नील आर्नॉट यांनी १८३० च्या दशकात अंथरुणाला खिळलेल्यांना जखमा होऊ नयेत म्हणून पाण्याने भरलेली गादी केली आणि तिचे पेटंटही घेतले नाही. १९०९ मध्ये अमेरिकेत विलिस गॅच यांनी पाठ आणि गुडघे वर उचलता येतील अशी रुग्णालयाची खाट आणली. चादर घालणाऱ्यांचाही विचार झाला: कोपऱ्यांना घट्ट बसणाऱ्या चादरीचे एक पेटंट १९५९ मध्ये बर्था बर्मन या अमेरिकी स्त्रीच्या नावे आहे. इंग्लंडात टेरेन्स कॉनरन यांच्या हॅबिटॅट या दुकानाने १९६४ पासून रजईवजा डुव्हे खपवला तो दहा सेकंदांत पलंग आवरतो या आश्वासनावर. तिथेही ऊब हा मुद्दा मागेच होता. चादर, ब्लँकेट, वरचे आच्छादन अशा थरांची रोजची घडी घालण्यातून बाई सुटली, हेच विकले गेले.

आपल्याकडे याच सुमारास गादी बदलली. डनलॉप कंपनीचा रबरी फोम १९२९ चा. मराठीत तर डनलॉप हे स्पंजच्या कुठल्याही बैठकीचेच नाव झाले. कर्नाटकात १९६२ मध्ये सुरू झालेल्या कर्लऑनने रबर चढवलेल्या काथ्याची गादी देशभर नेली. १९७१ मध्ये शीला गौतम यांनी शीला फोम सुरू केली. या बाई पुढे अलीगढमधून चार वेळा लोकसभेवर गेल्या, आणि २०२३ मध्ये त्यांच्या कंपनीने कर्लऑनच ताब्यात घेतली. काथ्या आणि फोमने एक काम कायमचे संपवले: गादी पिंजून घेणे. पिंजारी रस्त्यावरून दिसेनासा झाला. त्यांच्यातल्या अनेकांनी गावात गादी कारखाना टाकला, विजेवरचे पिंजणयंत्र घेतले आणि लग्नघरांना भाड्याने गाद्या, लोड, तक्के पुरवायला सुरुवात केली. पण नव्या गादीने दुसरीकडे काम वाढवले. ती गुंडाळता येत नाही, धुता येत नाही, तिला कायमचा पलंग लागतो आणि पलंगाला कायमची जागा. सहा इंचांची दुहेरी गादी उन्हात टाकायला दोन तरणे गडी लागतात, म्हणून ती टाकलीच जात नाही. इलॅस्टिकची चादर बसवायला तिचा कोपरा उचलावा लागतो, आणि सत्तरीच्या बाईला तेवढेही झेपत नाही. बंगळुरूच्या वेकफिटसारख्या कंपन्या २०१६ पासून फोमची गादी दाबून, गुंडाळून, खोक्यात घालून दारात आणून देऊ लागल्या. वळकटीच परत आली म्हणायची, फक्त ती एकदाच उलगडते. वाहतुकीचा हमाल सुटला. घरातली बाई नाही.

कोणी म्हणेल, बाजार सगळ्यांसाठी आहे, दुबळ्यांसाठी वेगळे काही करायला धंदा कुठे थांबलाय? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकवस्तूंच्या निर्मितीला सरकारने उत्तेजन द्यावे असे स्पष्ट लिहिले आहे. मागणी आहे, कायदाही आहे. तरी दाब बदलणारी हवेची गादी, पाठ उचलणारी खाट किंवा पलंगाच्या कडेला धरायची दांडी हवी असेल तर महाराष्ट्रातला माणूस गादीच्या दुकानात जात नाही; तो सर्जिकलच्या दुकानात जातो. तेही परवडत नसेल तर शहरोशहरी ट्रस्टांनी आणि मंडळांनी चालवलेली रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे आहेत, जिथे अनामत ठेवून खाट, हवेची गादी, वॉकर नेता येतो आणि गरज सरली की परत करता येतो. जुनी बाज शेजारच्या घरी जाई, त्याच व्यवहाराचे हे संस्थारूप. इथे वस्तू उचलणाऱ्याच्या मापाने येते आणि काम झाल्यावर घरातून निघूनही जाते. विकणाऱ्याला ही दुसरी गोष्ट मानवत नाही. पाच-दहा वर्षांच्या हमीवर चालणाऱ्या गादीच्या धंद्याने परत जाणाऱ्या वस्तूचा हिशेब अजून बसवलेला नाही. तोवर हे गिऱ्हाईक त्याच्या दुकानावरून पुढे केंद्राच्या रांगेत जाऊन उभे राहते.